नऊ जून, बावीस डिसेंबर

पत्र गुरुवारी, वीस सप्टेंबर १९७९ला, दुपारच्या टपालाने आलं. प्रमिला आढाव तेव्हा क्वार्टरच्या मागच्या अंगणात गाद्या उन्हात टाकत होती. दहा दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं होतं आणि कारखान्याच्या पिपलानी टाउनशिपमधल्या झाडून सगळ्या अंगणांत गाद्या, रजया, लोकरीचे कपडे बाहेर आले होते.

लिफाफा कारखान्याच्या प्रशिक्षण विभागाचा होता. वर सुबोधचं नाव. मुलांची पत्रं आपण फोडायची नाहीत असं तिने स्वतःच ठरवलेलं होतं. तिने हात पुसले आणि पत्र फोडलं.

पत्र हिंदीत, टंकलिखित, सात ओळींचं होतं. प्रशिक्षणार्थी म्हणून केलेल्या अर्जात सुबोध वसंत आढाव याने आपली जन्मतारीख ९ जून १९६३ लिहिली होती. सोबत जोडलेल्या शाळेच्या दाखल्यात ती २२ डिसेंबर १९६३ होती. अर्जदाराला एक ऑक्टोबरला सोळा वर्षं पूर्ण असणं आवश्यक होतं. तरी सोमवारी, चोवीस तारखेला सकाळी अकरा वाजता पालकांसह हजर राहावं आणि लेखी खुलासा आणावा. खुलासा समाधानकारक नसल्यास खोटी माहिती दिल्याचा शेरा अर्जावर मारला जाईल.

तिने शेवटची ओळ पुन्हा वाचली. असा शेरा पडलेल्या मुलाला कारखान्याच्या कुठल्याच भरतीत पुढे घेत नाहीत, हे टाउनशिपमध्ये शाळकरी पोरांनाही माहीत होतं. ती पत्र घेऊन आत आली. गाद्या उलटायच्या राहिल्या.

घरात या दोन तारखांचा विनोद चालायचा. सुबोधचा वाढदिवस नऊ जूनला; त्या दिवशी रव्याचा केक आणि आमरस. बावीस डिसेंबरला नाताळचा फराळ चाललेला असायचा, तेव्हा धाकटी कांचन पहिली करंजी दादापुढे ठेवून म्हणायची, "हॅपी बर्थडे, शाळेतल्या सुबोध!" चूक शाळेच्या कारकुनाची, असं सगळे मानत. सुबोधचा जन्म क्वार्टरमध्ये, सुईणीच्या हातून झाला होता. नगरपालिकेत नोंद करायची राहून गेली. बाप्तिस्मा सहा महिने लांबला, कारण तो मराठीत व्हावा असा वसंतच्या आईचा हट्ट होता आणि मराठी पाळक इटारसीहून वर्षातून एकदाच, नाताळाच्या आठवड्यात येत. शाळेत नाव घालताना पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला नेला. त्यावर दोन तारखा होत्या, जन्माची वर, बाप्तिस्म्याची खाली. कारकुनाने खालची उतरवली.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पुढचं फक्त प्रमिलाला.

सात जुलै १९६९, सोमवार. तिने रजिस्टरात पाहिलं आणि म्हटलं, "बाबूजी, ये तारीख गलत है." कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "गलत कैसे? इसी कागज़ पे लिखी है." तिने वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तो हसला. "अरे बहनजी, रहने दीजिए. छह महीने छोटा लिखा है तो छह महीने नौकरी ज़्यादा करेगा. लोग तो दो-दो साल घटवाते हैं." मागे रांग होती. कांचन तीन वर्षांची, कडेवर, तापाने फणफणलेली. प्रमिलाने सही केली. घरी आल्यावर तिने वसंतला काही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी प्रगतिपुस्तकावर तारीख बघून तो ओरडला, "हे काय लिहिलंय गाढवाने!" तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई." एवढंच. नऊ वर्षं त्या एका शब्दावर निभावली होती.

बाप्तिस्म्याचा तो दाखला ७३च्या पावसाळ्यात ट्रंकेत वाळवीने खाल्ला. पाळकसाहेब वारले होते. त्यांचं रजिस्टर कुठे आहे ते विचारायला पत्र धाडायचं तर जायला तीन दिवस, यायला तीन. हातात चार दिवस होते आणि त्यांतला एक रविवार.

संध्याकाळी पाचच्या भोंग्यानंतर वसंत सायकल टेकवून आत आला. त्याने पत्र वाचलं आणि सुबोधला समोर उभं केलं.

"जूनची तारीख का घातलीस?"

"खरी आहे म्हणून."

"दाखल्यावर काय आहे ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं, बाबा. पण फॉर्मवर लिहिलंय, मैं घोषणा करता हूँ कि ऊपर दी गई जानकारी सत्य है. मग सत्य कोणतं लिहायचं?"

कांचन दारात उभी होती. "आणि डिसेंबर घातलं असतं तर फॉर्मच घेतला नसता, म्हणून."

"तू चुप बैठ ना यार!"

"यार कुणाला म्हणतोस?" प्रमिला म्हणाली. ती सुबोधच्या चेहऱ्याकडे बघत होती. कांचन म्हणाली ते खरं होतं का? तारीख खरी आहे म्हणून त्याने लिहिली, की कामाची आहे म्हणून? त्याचे कान लाल झाले होते, पण ते लहानपणापासून खरं बोलतानाही व्हायचे.

वसंतने बूट काढले. "ठीक आहे. खुलासा मी लिहितो. कारकुनाची चूक, आम्हाला आत्ता कळली, मूळ दाखला वाळवीने खाल्ला. प्रमिला, शाळेच्या रजिस्टरात सही तुझी आहे, म्हणून खुलाशावर पण तुझीच लागेल."

"आत्ता कळली असं लिहायचं?"

"मग काय लिहू? दहा वर्षं केक खातोय असं?"

कांचन हसली. सुबोधही हसला. प्रमिलाला हसू आलं नाही आणि कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

शुक्रवारी शेजारच्या वैजयंती देशकर वाटीभर साखर परत करायला आल्या. त्या नागपूरच्या, यजमान सचिवालयात होते, निवृत्त झाल्यावर इथे मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला आलेले. त्यांना सगळं आधीच माहीत होतं.

"अहो प्रमिलावहिनी, त्यात काय एवढं? आमच्या ह्यांची तारीख एक जानेवारी आहे. त्यांच्या अख्ख्या वर्गाची एक जानेवारी. मास्तरांनी एकाच दिवशी सगळ्यांना जन्माला घातलं."

"पण त्यांच्यावर शेरा नाही ना आला."

"तुमच्यावर पण नाही येणार. तिथे कोलतेसाहेब बसतात, आपल्याकडचेच आहेत, उमरेडचे. रडा थोडं. आईला काय माहीत असतं कागदातलं? मी अडाणी आहे म्हणा."

"मी मॅट्रिक आहे."

"ते नका सांगू," वैजयंतीबाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. वसंतने लिहिलेला खुलासा टेबलावर, मिठाच्या बरणीखाली होता. इंग्रजीत पाच वाक्यं. तिसरं वाक्य असं की सदर चूक पालकांच्या निदर्शनास प्रथमच आली आहे. खाली रेघ मारून तिचं नाव. सहीची जागा कोरी.

तिने कपाटातून पवित्र शास्त्र काढलं. लग्नात वडिलांनी दिलेलं बायबल, काळ्या बांधणीचं. जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो त्याच्यामध्ये चार कोरी पानं होती. तिच्या माहेरी, नगरला, घराघरातून ही पानं कुटुंबाच्या नोंदींसाठी असत: जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मरण. प्रमिलाने त्यात आपल्या मनाने भर घातली होती. सुबोधचं एक पान, कांचनचं एक.

"९ जून १९६३, रविवार, दुपारी पावणेदोन. मुलगा. लूचा गरम वारा चालू आहे. सुईण म्हणते वजन कमी.

"२२ डिसेंबर १९६३, रविवार. बाप्तिस्मा. पाणी फार गार. रडला नाही.

"ऑगस्ट ६४. डांग्या खोकला, एकोणीस दिवस.

"जानेवारी ६६. छाती भरली. दोन रात्री बसून काढल्या.

"मे ६७. नाकातून रक्त, तीनदा. कांदा हुंगवला, डोक्यावर पाणी."

तिने मुलांची वर्षं अशीच मोजली होती. उन्हाळा आला की नाक, पावसाळा आला की घसा, थंडी आली की छाती. तेव्हा भीती वाटायची, पण त्या भीतीला नाव असायचं आणि नावावर औषध असायचं. ऋतू सरला की भीती सरायची, आणि ती एक ओळ लिहून पान मिटायची. पुढे ओळी विरळ होत गेल्या. ७२ साली एक, ७४ साली एक, मग काही नाही. मूल धडधाकट झालं, म्हणून असं तिला वाटायचं. आता तिला दिसलं की हल्लीच्या भीतीची नोंद कशी करायची तेच तिला माहीत नव्हतं. सुबोध घरी उशिरा येतो. सुबोध शब्द मोजून बोलतो. सुबोध खरं बोलतो तेव्हा ते का बोलतो, मला कळत नाही. याला महिना कोणता लिहायचा?

पानाच्या तळाशी ती ओळ होती. तिला पाठ होती, तरी तिने वाचली.

"७ जुलै १९६९. शाळेत नाव घातलं. कारकुनाने जन्माच्या जागी बाप्तिस्म्याची तारीख लिहिली. मी पाहिलं. सही केली."

ते पान कुणी वाचत नसे. ते आईचं, असं घरात गृहीत होतं. जन्माचा लेखी पुरावा आता जगात एवढाच होता, आणि तो दाखवायचा तर त्याच पानावरची ही ओळही दाखवावी लागणार होती. वरचा भाग उघडा ठेवून खालचा हाताने झाकता येईल का, हे तिने करून पाहिलं. येत होतं. तळहात बरोबर पुरत होता.

तिने शास्त्र मिटलं. खुलाशावर सही केली नाही. बरणी पुन्हा कागदावर ठेवली.

रविवारी सकाळी चर्चमध्ये भक्तीच्या आधी ती लहान मुलांचा वर्ग घ्यायची, अकरा मुलं, निम्मी मराठी, बाकीची हिंदी आणि मल्याळी. जुलैच्या शेवटच्या रविवारपासून दहा आज्ञा चालू होत्या, दर रविवारी एक. मागच्या वेळी आठवी, चोरीची, झाली होती. प्रमिलाने फळ्यावर दहावीतलं शेजाऱ्याचं घर, बैल आणि गाढव काढायला घेतलं.

"टीचर," पहिल्या ओळीतली वाघमाऱ्यांची धाकटी म्हणाली, "नौवी रह गई. झूठी गवाही वाली."

"ती पुढच्या रविवारी."

"पण नऊनंतर दहा येतात ना?"

"वहीत गाढव नीट काढ," प्रमिला म्हणाली.

मागे बसून गाण्याची पुस्तकं लावणारी कांचन घरी जाताना म्हणाली, "आई, तू आज्ञा खाल्लीस."

"उद्याचं डोक्यात होतं."

"दादाला ठेवून घेतील ना ते?"

"घेतील."

"मग तू सारखं पदराचं टोक का पिळतेस?"

प्रमिलाने पदर सोडला.

सोमवारी वसंतची पहिली पाळी होती. त्याला सुटी मिळाली नाही. जाण्याआधी त्याने टेबलावरचा कागद बघितला. "सही नाही केलीस अजून?"

"तिथे करते. त्यांच्या समोर."

"विसरू नको. आणि हे बघ, जास्त बोलायचं नाही. विचारलं तेवढंच."

ती आणि सुबोध चालत निघाले. सुबोधने सायकल हातात धरली होती, परत येताना तिला मागे बसवता येईल म्हणून. त्याने वसंतचा पांढरा शर्ट घातला होता. खांद्याला सैल, मनगटाला आखूड. तिच्या पिशवीत खुलासा होता आणि शास्त्र होतं. शास्त्र कशाला घेतलं हे त्याने विचारलं नाही. आई कुठेही घाबरून निघाली की ते सोबत घेते, हे त्याला माहीत होतं.

कोलते पन्नाशीचे, टक्कल पडलेले, टेबलावर तीन रंगांच्या पेन्सिली एका रेषेत लावून बसलेले. त्यांनी आधी हिंदीत सुरुवात केली. मग अर्जावरचं आडनाव पुन्हा वाचून मराठीत आले.

"बसा बाई. तू उभा राहा. हं. अर्जावर जून, दाखल्यावर डिसेंबर. सोळा पूर्ण दाखवायला सहा महिने वाढवले, असं मी समजू का?"

"नाही सर," सुबोध म्हणाला. "जून खरी आहे. शाळेच्या क्लार्कने चूक केली."

"सगळे क्लार्कच चुकतात. या महिन्यात हे चौथं प्रकरण आहे." त्यांनी हात पुढे केला. "खुलासा आणलाय?"

प्रमिलाने कागद दिला. त्यांनी तो वाचला, लाल पेन्सिल उचलली, ठेवली.

"ठीक लिहिलाय. असं असेल तर मार्ग आहे. चूक आत्ताच लक्षात आली असेल, तर मी वर पाठवतो, दुरुस्ती होईपर्यंत मुलाला परीक्षेला बसू देतात. सही राहिली आहे, बाई."

त्यांनी पेन पुढे केलं. तिने घेतलं. तिसऱ्या वाक्यावर तिची नजर गेली आणि तिथेच थांबली.

"काय झालं?" कोलते म्हणाले. "तुम्हाला आधी माहीत होतं का?"

ती काही बोलायच्या आत सुबोध बोलला. पुढे वाकून, मुठी टेबलाच्या काठावर, आवाज जरा जास्तच मोठा. "सर, माझ्या आईला कसं माहीत असेल? ती संडे स्कूल घेते. तिला माहीत असतं तर तिने सहीच केली नसती."

त्याचे कान लाल नव्हते. तिने पाहिलं. तो मोजून बोलत नव्हता, फायदा बघून बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

प्रमिलाने पेन खाली ठेवलं. पिशवीतून शास्त्र काढलं, मधलं पान उघडलं आणि ते कोलत्यांकडे फिरवून ठेवलं. हात मांडीवर घेतले.

"वर त्याचा जन्म आहे," ती म्हणाली. "खाली शाळा आहे. दोन्ही वाचा."

कोलत्यांनी बोट लावून वाचलं. डांग्या खोकल्यापाशी त्यांचं बोट थोडं रेंगाळलं. तळाशी पोचल्यावर त्यांनी मान वर केली नाही.

"हे तुम्ही त्याच दिवशी लिहिलंत?"

"त्याच दिवशी."

"मग तुम्हाला माहीत होतं."

"हो. कारकून म्हणाला सहा महिने नोकरी जास्त होईल. मी गप्प बसले. मुलाला हे माहीत नाही. त्याच्या बापालाही नाही. त्याने अर्जात लिहिलं ते खरं आहे. खोटी माहिती दिली ती मी, शाळेला."

सुबोधने टेबलाच्या काठावरून मुठी काढल्या. तो पानाकडे बघत होता. उलट्या बाजूने, पण वाचता येण्यासारखं होतं.

कोलत्यांनी खुलाशाचा कागद चार घड्या करून तिला परत दिला.

"हा ठेवा तुमच्याकडे. हा मी पाहिला नाही." त्यांनी अर्ज पुढे ओढला. "आता ऐका. तुम्हाला माहीत होतं म्हटल्यावर मी हे वर पाठवू शकत नाही. मला शाळेचा दाखलाच धरावा लागेल. म्हणजे यंदा वय बसत नाही."

"आणि शेरा?"

"तेच लिहितोय." त्यांनी निळी पेन्सिल घेतली, लिहिलं आणि तिला दिसेल असा अर्ज फिरवला. *आयु कम. अगले वर्ष आवेदन कर सकता है.* "खोटी माहिती नाही लिहिलं. त्याने खोटं लिहिलेलं नाही." ते सुबोधकडे वळले. "वर्ष जातंय तुझं. कळलं ना?"

"जी, सर," सुबोध म्हणाला.

बाहेर आले तेव्हा पावणेबारा झाले होते. स्टँडवरून सायकल काढताना त्याने एकदा पॅडल जोरात उलटं फिरवलं. प्रमिला बाजूला उभी राहिली. तो टांग टाकून निघून जाईल, असं तिला वाटलं. गेला तर हाक मारायची नाही, हे तिने ठरवलं. परीक्षेची तयारी त्याने मे महिन्यापासून केली होती. लूच्या दिवसांत ओला टॉवेल डोक्यावर टाकून गणितं सोडवली होती. त्याच्याबरोबर अर्ज केलेला देशकरांचा नातू आता कारखान्यात जाईल. सुबोध वर्षभर काय करेल, कुणाबरोबर फिरेल, तिच्याशी कसा बोलेल? यांतलं एकही तिला ठाऊक नव्हतं.

तो गेला नाही. सायकल हातात धरून चालू लागला, तिच्यापुढे चार पावलं. पाण्याच्या टाकीपर्यंत असंच चाललं.

"दहा वर्षं," तो मागे न बघता म्हणाला. "केक काय, करंजी काय. आम्ही हसत होतो आणि तू पण हसत होतीस."

"हो."

"मी आत ते बोललो नसतो तर तू सही केली असतीस?"

तिला नाही म्हणता आलं असतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "शनिवारपासून ठरवत होते. ठरलं नव्हतं."

तो पुन्हा चालू लागला, पण आता अंतर दोन पावलांचं होतं. टाकीपुढे रस्ता फुटतो. डावीकडे क्वार्टर, उजवीकडे शाळा. तिथे तो थांबला.

"पुढच्या वर्षी फॉर्मवर कोणती तारीख घालायची?"

"शाळेचं ऑफिस किती वाजेपर्यंत असतं?" तिने विचारलं.

"एकपर्यंत. मग लंच. पण तो क्लार्क आता नाहीये. नवे हेडमास्टर आहेत, फार खडूस. सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल तुला."

"सांगते."

"बाबांना पण."

"त्यांना पण. पाळीवरून आले की, चार वाजता."

सुबोधने घड्याळ पाहिलं, मग तिच्या हातातली पिशवी घेऊन हँडलला अडकवली. शास्त्राच्या वजनाने हँडल एका बाजूला कललं. त्याने ते सरळ केलं.

"बस मागे," तो म्हणाला. "चालत गेलो तर एक वाजेल."